श्रावणात माळ्यावर गेलेला डबा

पलूसच्या जोतिबा हवालदाराला माशानं जगवलं, असं त्याची बायको मनुबाई सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती. आणि का सांगू नये? फौजेतून पेन्शनीत आलेला धट्टाकट्टा गडी, शहाण्णव साली त्याला झटका आला आणि काळीज जे थकलं ते थकलंच. पाय सुजायचे. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून बसूनच डोळा लागायचा. सांगलीच्या भार्गवी डॉक्टरीणबाईंनी तीन पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि त्यांच्या जोडीला एक सोनेरी, फुगीर गोळी.

"ही माशाच्या तेलाची," बाई म्हणाल्या होत्या. "खरं काम पांढऱ्या गोळ्यांचं. ही नुसती हाताखाली. हिचा किती उपयोग होतो, त्याचा अजून अभ्यास चाललाय."

पण पांढऱ्या गोळीकडं कोण बघतं हो? मनुबाईनं सोनेरी गोळी दारातल्या उन्हात धरली तर आरपार उजेड दिसला. समुद्र कुठं, पलूस कुठं, आणि तिथला मासा आपल्या माणसासाठी एवढ्या लांब आला, या विचारानं तिला भरूनच आलं. रोज ती गोळी कपाळाला लावायची आणि मगच नवऱ्याच्या हातावर ठेवायची. दोन महिन्यांत सूज उतरली, जोतिबा उसाच्या बांधापर्यंत चालत जाऊन यायला लागला. मग काय, सगळं श्रेय माशाला गेलं.

तिथंच घोळ झाला. श्रावण लागला. त्या घरात श्रावणात मटणाचं पातेलंसुद्धा माळ्यावर जातं, मग माशाचं तेल पोटात कसं चालणार? सोनेरी गोळी बंद. मनुबाई तेवढ्यावर थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण चारी गोळ्या एकाच स्टीलच्या डब्यात, आणि त्यातली एक सोनेरी फुटलेली. झाकण काढलं की भप्पकन मासळीचा वास यायचा. पांढऱ्या गोळ्यांची पाकिटंही तेलकट झाली होती.

"आवं, ह्या समद्याच गोळ्या माशानं बाटल्या की," मनुबाई म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे महिनाभर. मला आता लय बरं वाटतंय," जोतिबा म्हणाला.

डबा माळ्यावर गेला, पातेल्याच्या शेजारी.

आठव्या दिवशी जोतिबाच्या पायात चप्पल जाईना. अकराव्या दिवशी सकाळी दोन घास खाल्ले आणि छातीत घरघर सुरू झाली. शेजाऱ्यांनी जीप काढली. सांगली येईस्तोवर मनुबाई त्याची पाठ आपल्या खांद्यावर पेलून बसली होती आणि औंधच्या यमाईला विनवत होती की एवढ्या बारीला सोड, आई.

इंजेक्शन झालं, ऑक्सिजन लागला. दुपारपर्यंत त्याचा श्वास जरा बसला, तेव्हा भार्गवीबाईंनी विचारलं, "काय बंद केलं होतं?"

"माशाची गोळी, बाई. श्रावण हाय न्हवं. तिच्यावरच त्येंचा जीव हुता, आन् मीच तोडली."

"तिच्यानं एवढं होत नाही. आणखी काय बंद केलं?"

"समद्याच. डब्याला वास लागला हुता."

बाईंना राग आला होता, तो दिसत होता. पण त्यांनी मनुबाईचा हात धरला आणि तिला जोतिबाच्या खाटेपाशी, मशीनच्या पडद्यासमोर उभं केलं. मशीनची दांडी जोतिबाच्या छातीवर टेकवली तशी काळ्या पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलायला लागलं. आत दोन बारीक झडपा उघडत होत्या, मिटत होत्या, पुन्हा उघडत होत्या.

"हे त्यांचं काळीज."

चाळीस वर्षं मनुबाई या माणसाच्या शेजारी निजली, पण हे कधी पाहिलं नव्हतं. एक बाजू जेमतेम हलत होती, तरी हलत होती.

"कवापासनं चाललंय ह्ये?" तिनं हळूच विचारलं.

"आईच्या पोटात होते तेव्हापासून."

"मधी कवा इसावा?"

"नाही. अकरा दिवस तुम्ही औषध दिलं नाहीत, तरी ते आपलं जमेल तसं ओढतंय."

मनुबाईनं पडद्याला हात जोडले. लाजेनं आणि नवलानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही.

"सोनेरी गोळी श्रावणभर नसली तरी चालेल," बाई म्हणाल्या. "पांढऱ्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत."

श्रावणाचा शेवटचा सोमवार उजाडला तेव्हा जोतिबा घरी आला होता. आता डबे दोन होते आणि सोनेरीचा एकटाच माळ्यावर होता. आंघोळ करून तो महादेवाच्या पूजेला बसत होता, तेवढ्यात मनुबाई तीन पांढऱ्या गोळ्या घेऊन आली.

"आज सोमवार हाय गं. पूजा हुईस्तवर थांब की."

तिनं तळहात त्याच्या उघड्या छातीवर ठेवला आणि आतली धडधड हाताला लागेपर्यंत तसाच धरला.

"ह्येनं कवा सोमवार धरलाय का?" ती म्हणाली. "आधी ह्येला द्या."

जोतिबानं मुकाट्यानं गोळ्या गिळल्या. मनुबाईनं हात मात्र बराच वेळ काढला नाही.