खालची ऊब

"करपली बाय माझ्या हातनं. चुलीला कशाला बोलू?"

किशोरची आई असं म्हणायची. पळसाच्या पानात तांदळाचं पीठ थापायची, खाली निखारे, वर निखारे, आणि मधे पानगी. एखादी काळी पडली की ती गुपचूप स्वतःच्या ताटात. भाजताना गुणगुणायचीही:

खालून दे गो ऊब, वर ठेव निखारा
मधी पानगी निजली, तिला नको वारा

आई जाऊन बरीच वर्षं झाली. चेहरा आठवायला आता फोटो बघावा लागतो, पण आवाज न बोलावता येतो. शहापूरच्या एसटी स्टँडामागे किशोरचं लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. तिथे एखाद्या लॅपटॉपचं पोट उघडून बसला की तो आवाज हटकून यायचा, आणि किशोरला बरं वाटायचं. या पावसाळ्यापासून मात्र तोच आवाज काट्यासारखा रुतू लागला.

झालं असं, की ऐन श्रावणात जानीमावशी आली. आईची बहीण, म्हसाजवळच्या पाड्यावरची, दोघी एका चुलीपाशी वाढलेल्या. सोबत मुलगी रविना, मुरबाडच्या कॉलेजात शिकणारी. रविनाच्या लॅपटॉपच्या पडद्यावर उभ्या रेघा येत होत्या. किशोरने उघडून पाहिलं आणि दुखणं ओळखलं. आतल्या एका चिपच्या पोटाखाली खसखशीएवढे कथिलाचे मणी असतात, ते सुटले होते. ते सगळे एकाच वेळी वितळले पाहिजेत, तर चिप पुन्हा नीट बसते. त्यासाठी आधी बोर्डाला खालून ऊब द्यायची, सावकाश, आणि मग वरून आच. किशोरला हे ठाऊक होतं. पण त्याच्याकडे होती फक्त गरम हवेची बंदूक. गिऱ्हाइकं खोळंबली होती. त्याने वरूनच वारा घातला. बोर्ड खाली गार, वर लाल. मधोमध टच्च फोड आला, आणि आतल्या तारा कायमच्या तुटल्या.

दुसऱ्या आठवड्यात मायलेकी आल्या तेव्हा रविनाने विचारलं, "काय झालं दादा?"

किशोरने तिच्याकडे पाहिलंच नाही. "पावसात ठेवायचात कुठं हा?"

जानीमावशी उत्साहाने पुढे झाली. "मी ठेवायची ना रे, चुलीवरच्या माळ्यावर. बियाण्याच्या शेजारी, गोधडीत गुंडालून. घरात कोरडी जागा तेवढीच."

"तिथंच घोळ झाला, मावशी," किशोर म्हणाला. "धूर, धग. आतून फुगलाय बघ."

शब्द इतके सहज आले, की क्षणभर त्याला स्वतःलाही ते खरे वाटले. रविनाने फक्त आईकडे पाहिलं. ते पाहणं किशोरच्या डोळ्यांत तसंच राहिलं.

"राहू दे माझ्याकडे," तो पुटपुटला. "बघतो काय होतं का."

मग त्याने ठरवलं, आता नीट स्टेशन हवं. चिपा काढायला-बसवायला खाली-वर आच देणारं यंत्र. मुंबईच्या बाजारात जाऊन तयार यंत्रं पाहिली. मोठं होतं ते दुकानात मावेना, आणि दुकानाच्या वायरिंगला झेपेना. छोटी होती ती नुसती दिसायला गोड. पडद्यावर आकडा दाखवायची दोनशे, आणि तापमान मोजायची तार टेकवली की निघायचे दीडशे. आधीच एकदा खोटं बोलून बसलेल्या माणसाला खोटं बोलणारं यंत्र कसं चालेल? त्याने स्वतःच बांधायचं ठरवलं. तापणाऱ्या सिरॅमिकच्या पट्ट्या आणल्या, आच आवरणारी डबी आणली, आणि सांगाडा बनवायला मुरबाडला महिपतकडे गेला.

महिपत वेल्डर, मूळचा मावशीच्याच पाड्यावरचा. जिन्यांच्या जाळ्या आणि दुकानांची शटरं हे त्याचं रोजचं काम. किशोरचं चित्र त्याने उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे काय रे? लॅपटॉपची भट्टी का कोंबडी भाजायची जाळी?"

"खालून तापवायचं, वर बोर्ड. सगळीकडं सारखी धग लागली पाह्यजे."

"सारखी हाय का नाय, कसं कलनार?"

महिपत आत गेला आणि बायकोच्या डब्यातले तांदळाचे पापड घेऊन आला. "हे ठेव. जिथं फुलला तिथं धग, नाय फुलला तिथं तू फसला."

पापड ठेवला. तीन बाजूंनी छान फुलला, डावा कोपरा पांढराफटक. महिपतने तो कोपरा मोडून तोंडात टाकला. "कच्चा. तुझी भट्टी लंगडी हाय." मग पट्टी सरकव, पत्रा वाकव, पुन्हा पापड. संध्याकाळपर्यंत दोघांची जेवणाची भूक मेली, आणि शेवटचा पापड चारी कोपऱ्यांनी एकसारखा फुलला.

पत्रा घासता घासता महिपत म्हणाला, "आमच्या पाड्यावरच्या जानीम्हातारीचं कललं का? चुलीवरचा माळाच मोडून टाकलान."

किशोरचा हात थांबला.

"कशाला?"

"पोरीचा लॅपटॉप जळाला ना तिच्यानं. म्हनते, माझ्या चुलीवर ठेवलं का वस्तू जाते. काकडीचं, दोडक्याचं बी, सगलं खाली उतरवलान. ओल लागली, बुरशी आली. तिच्या सासूच्या वेळचं बी रे! आता शेजारनीकडं मागत फिरते." महिपत हसला. "आनि पोरगी? भात कापून झाला, झोडून झाला, तरी धड बोलत नाय आयशीशी."

किशोरलाही हसायला हवं होतं. त्याने ओठ हलवले. 'मी जाळला' हे दोन शब्द जिभेच्या टोकावर आले, आणि महिपतच्या तोंडून ते साऱ्या पाड्यावर फिरतील म्हणून त्याने गिळले. गिळताना जाणवलं, की आपल्याला मावशीच्या बियाण्यापेक्षा आपल्या दुकानाच्या नावाची जास्त काळजी आहे. मान वर करवेना. सांगाडा मोटरसायकलला बांधून, सरळगाव, किन्हवली करत तो परत निघाला. वाटेत मनाशी घोकत राहिला: लॅपटॉप चालू करून दिला की फिटलं सगळं. मग सांगायची गरजच काय?

जुना बोर्ड तर गेलाच होता. भंगारातून तसाच दुसरा मिळवला, त्याची चिप तेवढी मेलेली. नव्या स्टेशनवर ठेवला. खालून ऊब दिली. बोर्ड हळूहळू अंग सैल सोडू लागला. घाई केली नाही, फुंकर घातली नाही. मग वरून आच. चिप अलगद सुटली, नवी तिच्या जागी बसली, आणि मणी वितळताना ती केसाएवढी हलून आपोआप सरळ झाली. झोपेत कूस बदलणाऱ्या मुलासारखी. रविनाच्या लॅपटॉपमध्ये तो बोर्ड घातला, बटण दाबलं. पडदा स्वच्छ. एकही रेघ नाही.

कधी नव्हे इतकं सुरेख काम झालं होतं. आणि किशोरला आनंद काही होईना.

म्हसाच्या जत्रेच्या आधीच्या सोमवारी मायलेकी आल्या. मावशीच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. बाकावर टेकायच्या आधीच तिने ते पुढे केलं.

"पानग्या हायेत. तुझी आय भाजायची तशा. माझ्या घरी नाय भाजल्या हां, शेजारच्या चुलीवर भाजल्या. माझ्या चुलीचा आता भरवसा नाय रे."

किशोरने पुडकं घेतलं. अजून कोमट होतं. पळसाच्या पानाचा वास दुकानभर पसरला.

रविनाने बटण दाबलं. पडदा उजळला तशी ती किती महिन्यांनी खळखळून हसली. "दादा, तुमी ग्रेट हाय! मी तर आशाच सोडलेली."

"माझ्या बहिनीचा पोर हाय तो," मावशी म्हणाली. "मी बिघडवलं आनि यानं निस्तरलं. देवच धावला." आणि कौतुकाने ती लॅपटॉपकडे वाकली, बोट पुढे केलं.

"आई! हात नको लावू!"

रविना तशी रागाने बोलली नव्हती. सवय झाली होती, इतकंच. मावशी चटकन मागे सरली. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले, चोरी करताना सापडल्यासारखे. वर ओशाळं हसली. "नाय गो, नाय लावत. लांबूनच बघते."

किशोर त्या पदराकडे बघत राहिला. त्या हातांनी लहानपणी त्याला भरवलं होतं. त्या हातांनी गोधडीत गुंडाळून, घरातल्या सगळ्यात मोलाच्या वस्तूंशेजारी तो लॅपटॉप ठेवला होता. मागे टेबलावर स्टेशन अजून तापलेलं होतं. त्याची मंद धग पाठीला लागत होती, आणि कानात आईचा आवाज हसत हसत एक करपलेली पानगी आपल्या ताटात ओढून घेत होता.

"मावशी, हात बाहेर काढ."

"राहू दे रे."

"काढ. आनि रविना, तूपन ऐक." आवाज आपला वाटत नव्हता, तरी त्याने थांबू दिला नाही. "माळ्यावर ठेवला म्हनून काय झालं नव्हतं. आला तेव्हा तो बरा होन्यासारखा होता. मी जाळला. इथं, या टेबलावर, घाईत वरूनच धग देऊन. तुझ्या चुलीचं काय नाय, मावशी. माळ्याचं नाव मी घेतलं, कारन तू उलटून एक शब्द बोलनार नाय, हे मला ठावं होतं."