हाताने चालते, हाकेला नाही

मी ओरडून ओरडून थकले, पण माझं कुणी खरं मानलं नाही. मी एक फाईल. सहा ओळींची, पण फटकळ. बल्गेरियातल्या देविन गावाच्या वर डोंगरात ट्राउट माशांची तळी आहेत, तिथल्या संगणकात राहते. पाण्यातला प्राणवायू घटला की पहारेकरी प्रोग्राम मला हाक मारायचा आणि मी हवेचा पंप सुरू करायची. चार वर्षं एकदाही चुकले नाही.

मग मालकांचा भाचा स्विलेन राजधानीतून, सोफियाहून शिकून आला. त्याने म्हणे मला सुधारलं. जुनी पुसली, लॅपटॉपवरून नवी आणून ठेवली. नाव तेच, काम तेच. फक्त चालायची परवानगी द्यायला विसरला.

जुलैच्या भर दुपारी पाणी तापलं. पहारेकऱ्याने हाक मारली. पाय उचलावेत तर बांधलेले! "परवानगी नाही," असं तो नोंदवहीत लिहीत राहिला. ती वाचतंय कोण? पिल्लं पोट वर करून तरंगली.

खापर फुटलं त्सोंकामावशीवर. एकवीस वर्षं माशांना चारा घालणारी बाई.

"मावशी, पंप तूच बंद केलास. फाईल ठणठणीत आहे, हे बघ." भाच्याने मला हाताने चालवलं. म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामला सांगितलं, हिला वाच आणि ती म्हणेल ते कर. कडेवर बसून गेल्यावर पाय कशाला लागतात? पंप घरघरला.

"त्सोंका, सोमवारपासून येऊ नकोस," मालक म्हणाले.

"जाते. पण आधी त्या पहारेकऱ्याला हाक मारू दे." मावशीने प्राणवायूचा मापक तळ्यातून उपसून प्राणवायू संपलेल्या, मेलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवला.

"चार यत्ता शिकलीस, तुला काय कळतं?" भाचा पडद्यापुढे उभा राहून म्हणाला.

"मेलेलं पाणी कळतं. सरक, तुझ्यातून आरपार दिसायला तुझा बाप काचवाला होता का?"

हाक आली. पंप गप्प. पडद्यावर लाल अक्षरं: परवानगी नाही. त्या दिवशी न चालण्यात मला काय गोडी वाटली म्हणून सांगू!

आता माझे पाय मोकळे आहेत. मावशी कामावर आहे. बाबांनो, फाईल बदललीत की तिला हाकेवर चालवून बघा, कडेवर घेऊन नको.

भाच्याला माफ? मी नाही करत. मालकांनी भाच्याच्याच हाताने माझ्यात सातवी ओळ लिहून घेतली. ती चालत नाही, नुसती वाचली जाते: हिचे पाय बांधणारा, स्विलेन.