दोन बोटं माया

टेलरने चष्मा कपाळावर चढवला, काउंटरवरच्या मशीनवर वाकून अंगठ्याने एक रबरी चौकोन दाबला. धप्प आवाज आला. तोच चौकोन त्याने हलका दाबला, तर आवाजही हलका आला. मग कडेने दाबला. काहीच आलं नाही.

"कडेला मेलाय हा," तो म्हणाला.

"बाबा, कडेला कोणी दाबत नाही."

"घाईत असलीस की दाबशील. कामाच्या भरात बोट कुठे मधोमध पडतं?"

काउंटरपलीकडे स्टुलावर बसलेले मास्तर हसले. एकेकाळी ते ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. आता जुनी वाद्यं आणि मशीन घ्यायची, उघडून साफ करायची आणि विकायची, असा त्यांचा धंदा होता. दुकानात सगळीकडे वायरींची भेंडोळी टांगलेली होती आणि प्रत्येक भेंडोळ्याला कापडी पट्टीची गाठ मारलेली होती. टेलरने आल्या आल्या त्या गाठी बघून घेतल्या होत्या. नीट होत्या.

"तुमच्या वडिलांना कळतं," मास्तर म्हणाले.

"त्यांना सगळंच कळतं," मुलगी म्हणाली. "येताना मला समजावून सांगत होते, सँपलर म्हणजे सँपल दाखवणारा माणूस. आणि आमच्यात सँपल फुकट असतं म्हणे."

"असतंच," टेलर म्हणाला. "चार बोटं कापडाचे कोणी पैसे घेतं का?"

घरात तिला चिंधी म्हणत. लहानपणी ती आईच्या पायमशीनखाली बसून चिंध्या गोळा करायची, तेव्हापासून ते नाव पडलं होतं आणि अठ्ठाविसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. बाहेर ती डीजे होती. पार्ट्यांत, वाढदिवसांना, कुणाच्या कंपनीच्या कार्यक्रमात गाणी वाजवायची. गेल्या महिन्यात ऐन रंगात तिचा लॅपटॉप अडकला आणि चार मिनिटं हॉलमध्ये चिडीचूप झालं. शेवटी मागच्या रांगेतले लोक स्वतःच गायला लागले. ती घरी आली ती वायरी न गुंडाळताच झोपली.

या शनिवारी तिला एका छोट्या हॉलमध्ये चाळीस मिनिटं मिळाली होती. दुसऱ्यांची गाणी नाही, आवाजांचे तुकडे जोडून तिने स्वतः बांधलेलं. असं पहिल्यांदाच घडत होतं. लॅपटॉपवर तिचा आता भरवसा नव्हता. हाताने वाजवता येईल, आवाज आत साठवेल आणि मधेच मान टाकणार नाही असं एक मशीन, म्हणजे सँपलर, तिला हवं होतं, आणि ते खिशाला परवडायला हवं होतं. काचेच्या कपाटात एक भारी मशीन ठेवलेलं होतं. ती त्याच्याकडे मुद्दाम पाठ करून उभी होती.

"तुम्हाला मशीन कळतात, चला माझ्याबरोबर," असं ती सकाळी म्हणाली होती. बाईंना, चिंधीच्या आईला, जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत टेलर दुकान ते घर, घर ते दुकान, यापलीकडे कुठे गेला नव्हता. आपल्याला बाहेर काढायला ती हे म्हणतेय, हे त्याला कळलं होतं. तरी त्याने चपला घातल्या.

मास्तरांनी ते मशीन बाजूला ठेवून दुसरी दोन पुढे सरकवली.

"हे नवं. एका हातात मावतं, बॅटरीवर चालतं. एका बांधणीतून, म्हणजे आवाजांच्या एका संचातून, दुसरीत जाताना आवाज तुटत नाही. आणि हे जुनं. जड आहे, कोपऱ्यात ओरखडा आहे. पण याचे चौकोन बघा, लोण्यासारखे."

"याची बांधणी बदलताना आवाज तुटतो का?" चिंधीने विचारलं.

"दोन सेकंद. तेवढ्यात दुसऱ्या हाताने गाणं चालू ठेवायचं. डीजे आहेस ना?"

"मला नवंच बरं वाटतंय," ती म्हणाली आणि त्याच्याकडे वाकली. हात पुढे करताना तिचं काळं जाकीट पाठीवर ताणलं गेलं आणि मुंढ्यापाशी, बाही जोडलेली असते तिथे, आडव्या वळ्या पडल्या. टेलरच्या नजरेने त्या लगेच टिपल्या. सात वर्षांपूर्वीचं जाकीट. कापलं त्याने होतं, शिवलं बाईंनी.

"आत तुझेच आवाज घालून बघ," मास्तर म्हणाले. "मशीनमध्ये भरलेल्या तयार ढोलावरून निवड करू नये."

चिंधीने पर्समधून एक छोटं कार्ड काढलं. ते बोटांत तसंच धरून ती क्षणभर थांबली.

"बाबा, तुम्ही बाहेर चहा घेऊन येता का?"

"आत्ताच तर झाला."

"मग पाणी?"

"चिंधे, मी उंट आहे का?"

तिने कार्ड नव्या मशीनमध्ये सरकवलं, पडद्यावर काहीतरी शोधलं, दोन बटणं फिरवली आणि पहिला चौकोन दाबला.

खटखट खटखट खटखट. मग एक थांबा. पुन्हा खटखट खटखट खटखट, थांबा.

टेलरने कपाळावरचा चष्मा खाली ओढून डोळ्यांवर लावला, जणू आवाज बघायचा होता.

"तिचं मशीन," तो म्हणाला.

"हो. दोन वर्षांपूर्वी फोनवर घेतलं होतं. तिला न सांगता."

"तळहाताने चाक थांबवायची. शंभरदा सांगितलं, पट्टा झिजतो, पाय उचल. ऐकलं नाही कधी."

"शनिवारी हेच सगळ्याच्या खाली वाजणार आहे," चिंधी म्हणाली. "यावरच बाकीचं रचलंय. तुम्हाला सांगायचं राहिलं."

राहिलं नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. मास्तर वायरीचं एक भेंडोळं सोडून पुन्हा गुंडाळू लागले.

टेलर काउंटरच्या लाकडावर नखाने रेघ ओढत राहिला. मग म्हणाला, "परत लाव."

तिने लावलं.

"शेवटी ते टक् काय वाजतंय? तिच्या मशीनला तो आवाज नव्हता. तेल मीच घालायचो."

"तालात बसायला काठोकाठ कापावं लागतं, बाबा. कापलेल्या जागी तसं वाजतं."

"म्हणजे माया सोडली नाहीस."

मास्तरांनी मान वर केली. "काय सोडली नाही?"

"माया," टेलर म्हणाला. त्याने काउंटरवरचा पुसायचा फडका उचलला, घडी घातली आणि काठापासून बोटभर आत अंगठा ठेवला. "शिवण इथे येणार. म्हणून कापायचं इथे नाही, इथे. हे मधलं आत दुमडून राहतं. बाहेरून दिसत नाही, पण ते नसेल तर शिवण धरत नाही, पहिल्या ताणाला उसवते. ते टक् वाजतंय ना, ती उसवलेली शिवण आहे."

"बरोबर आहे त्यांचं," मास्तर चिंधीला म्हणाले. "दोन्हीकडे थोडं जास्त ठेव, कडेचा आवाज हळूहळू बारीक होत गेला की टक् जातं. आमच्यात याला नाव नाही, पण करायचं असतं तेच."

चिंधीने ओठ दुमडले. एवढी वर्षं ती हे काम करत होती आणि आज बापाने ते तिला फडक्यावर शिकवलं होतं. तिने बटण फिरवून काठ थोडा सैल केला. पडद्यावर एक ओळ आली.

"आता काय विचारतंय?" टेलरने विचारलं.

"हे पक्कं करू का म्हणून. पक्कं केलं की कापाबाहेरचं पुसलं जातं. याच्यात जागा कमी आहे ना."

"आणि पुसलेलं परत हवं असेल तर?"

"बाबा, मूळ आवाज घरी आहे, या कार्डावर आहे, तीन ठिकाणी ठेवलाय. काही हरवत नाही."

"हरवायचं म्हणत नाही मी. तू लोकांसमोर उभी असशील तेव्हा तुझ्या हाताखाली काय असेल, ते विचारतोय."

चिंधीने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी ओरखडा असलेलं जुनं मशीन तिच्यासमोर ओढलं आणि कार्ड त्यात घातलं.

"हे काही पुसत नाही," ते म्हणाले. "आपण कापतो असं आपल्याला वाटतं, पण हे फक्त आत दुमडतं. वाजवता वाजवता हे बटण फिरव, दुमडलेलं बाहेर येतं. पुन्हा फिरव, आत जातं."

चिंधीने डाव्या हाताने चौकोन दाबून धरला. खटखट खटखट खटखट, थांबा. उजव्या हाताने तिने बटण किंचित फिरवलं. थांब्यानंतर चाक पुन्हा हललं. आणखी थोडं फिरवलं, तर धागा तोडल्याचा बारीक आवाज आला, मग खुर्ची करकरली. आवाजाचा तोच तुकडा हळूहळू एक खोली होत चालला होता. ती पुढे वाकली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मास्तर मनातल्या मनात बिल लिहू लागले.

मग तिने एकदम बोट उचललं.

"काय झालं?"

"यानंतर आई बोलते."

टेलरचा हात फडक्यावर होता. त्याने फडक्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"काय बोलते?"

"तुम्हालाच काहीतरी. रागावलीय."

"कशावरून?"

"लावू?"

"नको," तो म्हणाला. "रागावलीय ना, मग राहू दे. आत आहे ना?"

"आहे."

"झालं तर."

मग टेलरने जुन्या मशीनचे सोळाच्या सोळा चौकोन एकेक करून कडेने दाबून बघितले. सगळे वाजले.

"हे घे," तो म्हणाला. "दोन सेकंदांचं तू बघून घे."

मास्तरांनी किंमत सांगितली. त्यात मशीनची पिशवी धरलेली होती.

"पिशवी ठेवा तुम्ही," टेलर म्हणाला. "ती मी शिवीन. तिचे कमी करा."

"टेलरसाहेब, पिशवी फुकट आहे."

"मग तिच्याऐवजी दुसरं काहीतरी कमी करा."

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि थोडं कमी केलं.

घरी पोचल्यावर चिंधी जेवणाच्या टेबलावर वायरी पसरून बसली. टेलरने हात धुतले आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"जाकीट काढ."

"का?"

"मशीनवर वाकलीस की मुंढ्यात ओढतंय. शनिवारी चाळीस मिनिटं काय श्वास धरून वाजवणार आहेस?"

"मी जाड झालेय, असं सरळ म्हणा ना."

"तू कामाची झालीस. काढ."

उजेड खिडकीशी होता आणि खिडकीशी बाईंचं मशीन होतं. आठ महिने त्याच्यावर एक जुनी चादर होती. टेलरने एरवी जाकीट दिवाणावर बसून उसवलं असतं. आज त्याने चादर काढली, झटकली, घडी घालून बाजूला ठेवली आणि तो खुर्चीवर बसला. खुर्ची करकरली. चिंधीने मान वर केली नाही.

त्याने अस्तर उलटं केलं आणि बगलेखालची शिवण उसवायला घेतली. टाके बारीक होते, एकसारखे. वीतभर उसवल्यावर त्याने शिवण दोन्ही अंगठ्यांनी उघडली आणि तो थांबला.

आयुष्यभर त्याचा नेम होता, एक बोट माया. याहून जास्त म्हणजे कापडाची नासाडी. हे जाकीट कापतानाही त्याने एकच बोट सोडलं होतं, अशी त्याची खात्री होती. मग त्याला आठवलं, कापण्याआधी बाईंनी खडूची रेघ पुसून बाहेर सरकवली होती. पोरगी एकवीसची आहे, आता काय वाढायची आहे, असं तो म्हणाला होता. तुम्ही फक्त कापा, त्या म्हणाल्या होत्या. आणि त्याने चिडून त्यांच्या रेघेवर कापलं होतं.

त्याने बोटं लावून बघितलं. दोन बोटं होती. दुसऱ्या बाजूलाही दोन.

"चिंधे."

"हं."

"आईने दोन बोटं सोडलीत."

ती उठून आली आणि त्याच्या खांद्यावरून बघू लागली. आतलं कापड बाहेरच्यापेक्षा काळं होतं. ऊन लागलं नव्हतं त्याला.

"मग सगळं सोडा," ती म्हणाली. "ऐसपैस होईल."

"एक सोडतो. एक असू दे आत."

"कशाला?"

"असू दे."

ती परत टेबलाशी गेली. त्याने खडूने नवी रेघ मारली, टाचण्या लावल्या, सुईत दोरा ओवला. कापड दाबाखाली घेतलं, पण पाय पायपट्टीवर नुसता ठेवला.

"तो आवाज," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "दुकानात जिथे थांबलीस, तिथून थोडा सोड. एक बोट."

"एक बोट म्हणजे किती, बाबा?"

"तुला कळेल."

चिंधीने चौकोन दाबला. खटखट खटखट खटखट, थांबा. चाक हललं, धागा तुटला, खुर्ची करकरली. तिने बटण अगदी थोडं फिरवलं.

"अहो," आवाज आला, आणि तिथेच दुमडला.

"काय गं," टेलर म्हणाला.

चिंधीचं बोट बटणावर होतं. "पुढचं लावू?"

"पुरे एवढं," तो म्हणाला आणि त्याने पायपट्टी दाबली. शिवण सरळ पुढे जाऊ लागली. मुंढ्याच्या वळणाशी आल्यावर थांबायला त्याला पाय उचलायचा होता. त्याने चाकावर तळहात ठेवला.