न लपवलेलं हेल्मेट

मित्रांनो, मी एक जुनं हेल्मेट आहे. सध्या तोक्योच्या निशी-कसाई भागात, नंदकिशोरच्या घरी टीव्हीशेजारी राहतो. जन्म मात्र कॅनडातला. पाइन हार्बर गावाच्या ‘हेरॉन्स’ या व्यावसायिक फुटबॉल संघाने मला घेतलं. तिथलं फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवं पाडायचं. माझ्या वाट्याला चव्वेचाळीस नंबरचा खेळाडू कोल आला.

हेरॉन्स संघ लाकडाच्या गिरणीवाल्यांनी काढलेला. त्यांनी एकदाच करंडक जिंकला आणि त्यावर गावाने पुढची पंधरा वर्षं काढली. मग गिरणी बंद पडली, मालक बदलत गेले, खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय!

नंदू तेव्हा तिथे शिकत होता आणि संघाच्या सामानखोलीत अर्धवेळ काम करत होता. माझे स्क्रू आवळायचा, घाम पुसायचा. पण त्याचं खरं काम वेगळं होतं. खेळाडूच्या डोक्याला मार बसला की त्याचं हेल्मेट लपवायचं! कारण हे गडी असे हट्टी, की भोवळ आली तरी मैदानात धावतात. हेल्मेट नसलं की नियमाने जाता येत नाही. नंदू मला टॉवेलच्या पेटीत टाकून वर बसायचा. कोल शिव्यांची लाखोली वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला कॉफी आणून द्यायचा.

शेवटच्या हंगामात मालकांनी कळवलं, हा सामना हरलात तर संघ बंद. त्याच सामन्यात कोल डोक्यावर आपटला. उठला आणि चक्क समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. नंदू मला पेटीत टाकून वर बसला. प्रशिक्षक तणतणत आले.

“काढ ते.”

“सर, कुठे जायचंय तेच त्याला कळत नाहीये.”

“तुला नोकरीसाठी माझं शिफारसपत्र हवंय ना?”

नंदू पेटीवरून उठला. पुढचे दोन तडाखे मी झेलले, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते कोलने झेलले. मला फक्त ओरखडा आला.

सामना जिंकला. आठ दिवसांत संघ बंद झालाच. दाराचं कुलूप बदललेलं दिसलं तेव्हा खेळाडूंना ते कळलं. नंदूला पत्र मिळालं, आणि टाकून दिलेल्या सामानातून मी.

जपानमध्ये माझे लाड झाले. “नंदू, याला मोठ्या कचऱ्याचं स्टिकर लावून फेकून देऊया का रे?” असं त्याची बायको उत्तरा म्हणाली, की नऊ वर्षांची लेक आर्या “दामे!”, म्हणजे ‘अजिबात नाही!’, असं ओरडून मला पोटाशी धरते. कारण नंदू प्रत्येक पाहुण्याला सांगतो, “कोच अंगावर आला, पण मी पेटीवरून हललो नाही!” ऑफिसचे सातो-सान कौतुकाने “सुगोई!” म्हणतात. आर्याची मान ताठ होते. मला मात्र लाज वाटते.

मागच्या रविवारी सकाळी कोलच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. कोल शेजारी बसला होता. वय चौतीस, आणि ती त्याची लाळ पुसत होती.

“नंदू,” तो अडखळत म्हणाला, “ही म्हणते, मी परत खेळायला गेलो. मला आठवत नाही. तू मला जाऊच दिलं नसतंस. लपवलं होतंस ना?”

आर्याने मला दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. “येस! माय डॅड हिड इट! बाबा, सांग ना!”

“हो,” नंदू म्हणाला. “लपवलं होतं.”

कोल खुशीत हसला. बहिणीला म्हणाला, “बघ!” मग बराच वेळ विचार करून त्याने विचारलं, “मग मला असं कशाने झालं?”

“नेटवर्क गेलं वाटतं,” नंदू म्हणाला. त्याचा अंगठा कॉल बंद करायच्या बटणावर पडताना आर्याने पाहिला होता. मला जमिनीवर ठेवून ती आपल्या खोलीत गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी विनवतात, आमची निगा राखा. मला तसं काही मागायचं नाही. माझी निगा नंदूने उत्तम राखली. आतल्या डोक्याची राखली नाही. तुम्ही ती राखा, आणि त्यासाठी शिव्या खाव्या लागल्या तर खा.