विषाणू आढळला नाही

रेषा वर चढलीच नाही.

मामांनी चष्मा कपाळावर सारला, पुन्हा नाकावर घेतला आणि यंत्राच्या पडद्याशी वाकून पाहिलं. विषाणू असलेल्या बाकीच्या नळ्यांच्या रेषा केव्हाच उठल्या होत्या. अकरा नंबरची मात्र जमिनीला चिकटून शेवटच्या फेरीपर्यंत सरळ गेली होती.

“मामींची ना ही?” विभागातली धाकटी डॉक्टरीण मागून म्हणाली. “गोळ्या संपून तीन महिने झाले की! सुटल्या मामी. मामा, पार्टी हवी.”

“आधी बाकीची तपासणी बरोबर आहे का बघू दे. हुरळून जायचं वय नाही माझं,” मामा म्हणाले. पण रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असं टाइप करताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. मग त्यांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

“पास का?” पलीकडून बायकोने विचारलं.

“पहिल्या नंबराने.”

“मग वेळेवर ये. आणि चष्मा तिथेच ठेवून येऊ नकोस.”

जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे तिला सगळं जग बाई म्हणे, आणि जगाबरोबर मामाही. मामा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं तंत्रज्ञ होते. निवृत्तीनंतरही, हात बसलेला माणूस म्हणून, त्यांना ठेवून घेतलं होतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून नळी फुटली नाही, की नावांची अदलाबदल झाली नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

वर्षापूर्वी बाईंचे पाय सुजायला लागले. तपासण्या झाल्या आणि यकृतात हिपॅटायटिस सीचा विषाणू सापडला. जुना, तीसेक वर्षं मुक्काम ठोकून बसलेला. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मामांनी रद्दी कागदाच्या पाठीवर चित्र काढून बाईंना समजावलं होतं.

“हा आरएनएचा धागा. सगळा मजकूर यावर. पेशीत शिरला की हा आपल्याच यंत्रणेकडून एक एन्झाइम बनवून घेतो. त्या एन्झाइमचं काम एकच, धाग्याची नक्कल काढायची. आधी उलटी नक्कल, मग त्या उलटीवरून सुलट्या, ढीगभर.”

“आणि तपासतं कोण?”

“कोणीच नाही. चुका तशाच राहतात. त्यामुळे प्रत्येक नक्कल जराशी वेगळी. शरीराने ओळखेपर्यंत याचा चेहरा बदललेला.”

“शेवटच्या बाकावरची पोरं,” बाई म्हणाल्या. “शेजाऱ्याचं बघून लिहायचं, तेही चुकवून. मग पेपर कुणाचा ते सापडतच नाही.”

“आता गोळी आलीय. ती त्या एन्झाइमच्या हातात खोटं अक्षर देते. ते खरं समजून धाग्यात ओवतं, आणि त्याच्यापुढे दुसरं अक्षर जोडताच येत नाही. नक्कल अर्धीच राहते.”

“लबाडीला लबाडी. दे मग.” थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “पण आला कुठून रे हा माझ्याकडे?”

अशा वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो रक्त चढवल्याचा. बाईंना आयुष्यात एकदाच रक्त चढवलं होतं, चौतीस वर्षांपूर्वी, मुलगी झाली तेव्हा. बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, आणि त्यांच्या गटाचं रक्त मिळेना. मामांचा गट जुळत होता; ते बाकावर आडवे झाले, बाटलीभर रक्त दिलं आणि चक्कर येत असताना स्वतःच ती बाटली छातीशी धरून वॉर्डात धावले. हा किस्सा घरात इतक्यांदा सांगून झाला होता, की मुलीलाही तो तोंडपाठ होता. तेव्हा या विषाणूची चाचणीच निघाली नव्हती. पण रक्त घरचं होतं. म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला. दातांच्या डॉक्टरची सुई असेल, असं बाईंनीच ठरवून टाकलं.

नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. मामा आज करू, उद्या करू म्हणत राहिले. बाईंची मोजणी शून्य आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि त्यांनी दंडाला पट्टा बांधून स्वतःचं रक्त काढलं.

चाचणीच्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या. मामांनी दुसरी पट्टी घेतली. त्यावरही दोनच. मग त्यांनी विषाणूची मोजणी लावली, जेवणाच्या सुट्टीतही तिथून हलले नाहीत. मोजणीत काहीच नव्हतं.

याचा अर्थ दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. विषाणू कधीतरी त्यांच्याही अंगात आला होता. चार-पाच जणांत एखाद्याच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो, तसा गेला. खूण तेवढी रक्तात राहिली.

आणि त्यांना नोकरीच्या सुरुवातीचा एक उन्हाळा आठवला. त्या काळी रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, काचेच्या नळीने तोंडाने ओढून मोजायचे. एकदा घाईत ओढ जास्त झाली आणि खारट घोट जिभेवर आला. त्यांनी थुंकून चूळ भरली. वरिष्ठ हसून म्हणाले होते, “मीठ बरोबर पडलंय ना?” पुढे महिनाभर अंगात कसकस होती, जेवण जाईना. कामाचा शीण, असं वाटलं. मुलगी झाली ती त्यानंतर सहा आठवड्यांनी.

मामांनी दोन्ही पट्ट्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकल्या. वहीत नोंद केली नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

पुढच्या सोमवारी बाईंची सोनोग्राफी होती. नेहमीचीच, म्हणून दोघं हसतखेळत गेले. डॉक्टर बराच वेळ एकाच जागी यंत्र फिरवत राहिले. मग त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“विषाणू गेलाय, त्यात शंका नाही. पण यकृत आधीच दगडासारखं झालं होतं. त्यात आता गाठ आहे. कापण्याच्या पलीकडे गेलीय.”

“पण मी पास झाले ना?” बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मामांकडे पाहिलं. मामा भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

घरी आल्यावर बाई वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालायला बसल्या. मामा समोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. खारट घोट, दोन रेषा, बाटली. बाईंचे हात चालूच होते.

“तुला काहीच झालं नाही?”

“नाही. माझ्यातून आपोआप गेला.”

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. ते कोणत्या अर्थाने, हे मामांना कळलं नाही.

“मला माहीत नव्हतं गं.”

“ते कळतंय मला.” त्यांनी शेवटचा टॉवेल ठेवला. “तू नसतं दिलंस तर मी त्याच दिवशी गेले असते, हेही कळतंय. सगळं कळतं. पण आतून राग येतोय तो कुठे ठेवू, सांग.” मग म्हणाल्या, “पोरीला सांगू नकोस. तिला तो किस्सा आवडतो. आणि आता माझं रक्त तू नको काढूस. दुसऱ्या कुणाला तरी सांग.”

त्यानंतर चार महिने गेले. बाई रागावून बोलल्या नाहीत, की मायेनेही फारशा बोलल्या नाहीत. काय हवं नको ते सांगत, औषध वेळेवर घेत. मामा हात लावायला आले की त्यांचं अंग किंचित आक्रसे. ते मुद्दाम नसे, म्हणूनच मामांना जास्त लागे. पोट पाण्याने फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि एके दुपारी इस्पितळात आणावं लागलं. मुलगी दूरगावाहून निघाली होती.

यकृत थकलं की विष डोक्यात चढतं, हे मामांना पाठ होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी डोळे उघडून त्यांच्याकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं, तेव्हा ते एक पाऊल मागे सरले.

“तुमचं कोण आहे इथे?” बाईंनी विचारलं. उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

“बायको,” मामा म्हणाले.

“काय झालंय त्यांना?”

“मी तिला रक्त दिलं होतं,” मामा म्हणाले. “एकदा. खूप वर्षांपूर्वी.”

“चांगलं केलंत,” बाई म्हणाल्या. “हल्ली कोण देतं कुणाला.”

मग, पालक भेटायला आले की शाळेत करत तसं, त्यांनी सूज आलेल्या हाताने चादर सारखी केली, पाय कष्टाने ओढून घेतले आणि कॉटच्या कडेला जागा करून दिली.

“बसा ना. उभे किती वेळ राहणार?”

मामा बसले. अगदी कडेला, परक्या माणसाने बसावं तेवढंच.