भट्टीचं दुखणं

"हा तुझाच ना?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ढिगातला तिचा गाऊन लाकडी चिमट्याने उचलून कोपऱ्यातल्या तुटक्या बादलीत टाकला. "आजपासून तुझं सगळं त्या बादलीत. मशीनमध्ये नाही."

ती काउंटरमागे बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना नंबराच्या चिंध्या टाचत होती. सुई चालूच राहिली.

"कपड्यांतून लागत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"डॉक्टरीणबाईंना कुठे धुवावे लागतात?"

लाँड्री नवराबायको दोघांचीच. पुढे काउंटर, मागे बॉयलर आणि वाफेचा प्रेस, वर राहायच्या दोन खोल्या. गल्ली त्याला कडककाका म्हणायची. त्याने इस्त्री केलेली कॉलर मान वळवू द्यायची नाही, आणि माणूसही तसाच. आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही. एकदा घडी पडली की पडली.

तिचं दुखणं तापाने सुरू झालं होतं. मग जांघेत गाठी आल्या, आणि नको तिथे पाण्याने भरलेल्या पुळ्या. त्या फुटल्यावर लघवीला बसायची वेळ आली की ती दाराची कडी धरून ओठ चावायची. स्टूल टोचतंय म्हणून खाली उशी घेतली, तीही पुरेना. शेवटी दुपारच्या सामसुमीत ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाई वयाने तिच्या लेकीएवढ्या. त्यांनी पडदा ओढून नीट तपासलं, हात धुतले आणि खुर्ची जवळ ओढली.

"काकू, याला हर्पीस म्हणतात. विषाणूचं काम आहे. पुष्कळ लोकांना असतं, बऱ्याच जणांना आयुष्यभर कळतही नाही."

"कशाने होतं?"

"शरीरसंबंधातून. कातडीला कातडी लागून. टॉवेल, साबण, संडासची सीट, यातून नाही."

तिचे कान तापले. "देवाशप्पथ सांगते, मी यांच्याशिवाय कधी कुणा..."

"मी विचारलं का तुम्हाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे बघा, हा विषाणू एकदा शिरला की नसांच्या मुळाशी जाऊन बसतो. वर्षानुवर्षं गप्प बसतो. वर काही दिसत नसतानाही एकाकडून दुसऱ्याला जातो. तुम्हाला तो कधी आणि कुणाकडून आला, हे आजच्या पुळ्या बघून जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकणार नाही."

"जाईल ना पण?"

"पुळ्या जातील. तो आत राहील. पहिल्या वेळी असाच जीव काढतो, पुढे आला तर बहुतेक सौम्य असतो. या गोळ्या आजच सुरू करा, मधे सोडू नका. लघवी करताना वरून कोमट पाणी ओतत राहा, आग कमी होईल. पुन्हा तिथे मुंग्या आल्या, चुरचुरलं, की पुळीची वाट बघत बसू नका, लगेच गोळी. फारच वरचेवर झालं तर रोजची एक गोळी देते. पुळ्या असताना जवळ यायचं नाही. एरवी निरोध वापरा. त्याने धोका कमी होतो, संपत मात्र नाही."

यातलं तिला किती उमगलं कोण जाणे. तिला वेगळंच विचारायचं होतं.

"लेकीला मुलगी झालीय. पुढच्या आठवड्यात घेऊन येतेय. मी... घेऊ ना तिला?"

"घ्या की! साबणाने हात धुवा आणि मनसोक्त घ्या. फक्त कुणाच्या ओठावर पुळी असेल तर त्याने बाळाची पापी घ्यायची नाही."

इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तेव्हा बाहेर पडलं. डॉक्टरीणबाईंनी तिला रडू दिलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "काकांना असं कधी काही होतं का?"

"छे! ते ठणठणीत. वर्षात दोनतीनदा भट्टी लागते तेवढीच."

"भट्टी?"

तिने डोळे पुसत समजावून सांगितलं. वाफेच्या प्रेसपाशी उभं राहून जांघ उबते. आधी चुरचुरतं, मग बारीक फोड, मग खपली, आठवड्याभरात साफ. लाँड्रीच्या धंद्यात सगळे त्याला भट्टी लागणं म्हणतात. पावडर मारायची, सैल पायजमा घालायचा. यांचे वस्ताद तर म्हणायचे, भट्टी लागल्याशिवाय कारागीर तयार होत नाही.

"दरवेळी त्याच जागी येतात फोड?"

"हो, तिथेच." आणि मग आपलंच बोलणं तिला नव्याने ऐकू आलं. तिने हातातला रुमाल खाली ठेवला.

"त्यांना एकदा घेऊन या," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

त्या संध्याकाळी तिने त्याला सगळं सांगितलं. तो शर्ट इस्त्री करत होता. शेवटचं बटण लावून, शर्ट टांगून मगच बोलला.

"कोण?"

"कोण म्हणजे?"

"इतकी वर्षं नव्हतं, ते आत्ताच कसं आलं?"

"आत असतं हो ते, दिसत नाही. आणि तुमची ती भट्टी... त्या म्हणाल्या, एकदा दाखवून..."

"भट्टी कामाने लागते," तो म्हणाला. "तिचा याच्याशी काय संबंध?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! त्याची ती भट्टी, तिचा तो रोग. दुसऱ्या दिवशी तिच्या थोरल्या भावाला त्याने काउंटरवरूनच फोन लावला, तिच्यासमोर. "दादा, तुमची बहीण बाहेरून रोग घेऊन आलीय. घरात तान्हं बाळ येतंय. रविवारी येऊन घेऊन जा." पलीकडून "येतो" एवढंच ऐकू आलं. तिचे आईवडील गेल्यावर दादानेच तिला वाढवलं होतं. ती सुई धरून नुसती बसून राहिली.

ती गोळ्या घेत राहिली, पुळ्या सुकत गेल्या. अंथरूण तिने खाली, धुतलेल्या कपड्यांच्या रॅकमागे आणलं होतं. ती बाळाचाच विचार करायची. रविवारी दादा नेणार, सोमवारी बाळ येणार. म्हणजे नातीला बघायचीसुद्धा नाही.

शनिवारी एक बाई क्रीम रंगाचा कोट घेऊन तणतणत आल्या आणि तो त्यांनी काउंटरवर आपटला. छातीवर तळहाताएवढा पिवळा डाग.

"काय केलंत हे? चांगला कोट होता माझा!"

तो मागून हात पुसत आला. डाग उजेडात धरला, नखाने खरवडला. असल्या भांडणात कडककाकाच्या डोक्यावर कायम बर्फ.

"बाई, हा आमच्याकडचा नाही. साखरेचा आहे. कधीतरी गोड पेय सांडलंय. रंग नसतो, वाळलं की दिसत नाही. तसाच कपाटात राहिला. आम्ही वाफ दिली तेव्हा वर आला."

"काहीतरीच! चोर तो चोर आणि वर शिरजोर. इतकी वर्षं नव्हता, तो आत्ताच कसा आला?"

"आत होता ना, बाई. दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच..."

तो थांबला. बाई वाट बघत होत्या. मागे प्रेसने फुस्स करून वाफ सोडली. काउंटरच्या टोकाला बसलेल्या बायकोकडे त्याने बघितलं. ती कधीपासून त्याच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसू तर नव्हतंच.

"बोला की पुढे!" बाई म्हणाल्या.

"ठेवून जा," तो कोट गोळा करत पुटपुटला. "बघतो काय होतंय ते."

संध्याकाळी कोपऱ्यातली बादली उचलून त्याने तिचे कपडे मशीनमध्ये ओतले, आपल्या कपड्यांवर. ती उठली. एकेक करून आपले ओले कपडे बाहेर काढले आणि पुन्हा बादलीत टाकले.

"राहू देत," ती म्हणाली. "आता माझे मी धुईन."

रविवारी दादा आला. दारातच उभा राहिला. त्याने बहिणीच्या तोंडाकडे बघितलं नाही, तिने दिलेलं पाणी घेतलं नाही.

"जरा गैरसमज झाला, दादा," कडककाका म्हणाला. "ती इथेच राहील."

"कसला गैरसमज?"

सांगायला एकच वाक्य होतं. दुखणं माझं असेल, एवढंच. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

"तसं... डॉक्टरांचं काहीतरी," तो म्हणाला.

दादाने मान हलवली. नवरा बहिणीचं पाप पोटात घालतोय, एवढंच त्याला समजलं. "मोठ्या मनाचे आहात," तो म्हणाला आणि निघाला. ती त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेली, हाक मारली. तो वळला नाही. परत आली तेव्हा नवरा दाराशीच होता.

"मी सांगेन त्यांना. नंतर."

"काय सांगाल?" तिने विचारलं.

तो प्रेसकडे वळला.

सोमवारी लेक आली. आईचं अंथरूण रॅकमागे का, म्हणून तिने विचारलं. वर उकडतं, असं आईने सांगितलं. मग तिने नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ टॉवेलला पुसले आणि बाळ घेतलं. बाळाने जांभई दिली, मूठ तोंडात घातली. तिच्या सगळ्या अंगाला, दुखऱ्या जागेसकट, पहिल्यांदा थंडावा मिळाला.

तो प्रेस सोडून आला. थोडा वेळ लांबूनच बघत राहिला. मग पुढे होऊन त्याने दोन्ही हात पसरले.

तिने बाळाला किंचित आपल्याकडे ओढलं.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली.

लेक हसली. "अगं आई, बाबांचे हात तर दिवसभर साबणातच असतात!"

तो मात्र हसला नाही. मुकाट्याने मागे गेला. नळाचं पाणी पडल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ, आणि मग लेकीचंही हसणं थांबलं.