काठी शेजारच्या दाराला

शहाडहून रिक्षाने अर्ध्या तासावरच्या त्या गावाला स्वतःचं जंगल होतं, आणि ते टिकलं होतं काठीमुळे. ज्या घराच्या दारात सकाळी काठी, त्या घराने दिवसभर डोंगर राखायचा आणि संध्याकाळी ती शेजारच्या दाराला टेकवायची. दुसऱ्याच्या दारातली काठी कोणी उचलायची नाही. गवताचा, लाकडाचा वाटा मिळायचा तो चुलीला, माणसाला नाही. हा नियम उत्तमच्या बायकोने, शीलाने, भांडून करून घेतला होता. गावातले बाप्ये आपला वाटा परस्पर विकून पीत.

शीला चैत्रात गेली. त्यानंतर काठी उत्तमच्या दारात आलीच नाही. दुखवटा म्हणून सोडत असतील, असं त्याला वाटलं. एक घर सोडून राहणारी गंगुबाई दोन्ही वेळा डबा पाठवायची, तो मुकाट्याने गिळायचा.

दिवाळीनंतर गवताचे वाटे पडले. उत्तमचं नाव कोणी पुकारलं नाही. गोठ्यात शीलाची म्हैस होती. गवत नाही तर ती विकणं आलं.

"दादूस, राग नको मानू," समितीचा अध्यक्ष काळुराम म्हणाला. "वाटा चुलीला असतो. तू जेवतोस गंगुवयनीचं. तुझी चूल पेटते कुठे?"

"आणि तुझी रे?"

"माझं घर आहे ना इथे."

घर होतं. त्याला कुलूप होतं. जमिनी विकून काळुराम कल्याणला अकराव्या मजल्यावर राहायला गेला होता. गावात यायचा तो रोपाशेजारी उभं राहून फोटो काढायला. त्याच्या गॅसच्या शेगडीला गवताचे भारे मिळणार, आणि ते तो तबेलेवाल्याला विकणार. शीलाने ज्यांच्यामुळे नियम केला त्यांच्यातलाच हा, फक्त गळ्यात सोनं घातलेला. अशा माणसाशी भांडायचीही उत्तमला किळस आली.

घरी येऊन त्याने डबा घासला आणि गंगुबाईला परत दिला.

"उद्यापासून नको, वयनी."

"अरे, भाकरी तरी येते का थापता?"

"नाही येत. आज काठी तुमच्याकडे ना? संध्याकाळी कुठे ठेवणार?"

"तुझ्या पलीकडे, राकेशकडे. काळू बोललाय, दोन घरं सोडायची. त्याचं आणि तुझं."

"तुमच्या शेजारचं दार कोणाचं?"

गंगुबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काळूचं," ती म्हणाली. "मेल्या, शीलासारखा बोलायला लागलास."

संध्याकाळी काठी काळुरामच्या कुलपाखाली उभी राहिली. राकेशने फोटो ग्रुपवर टाकला, 'अध्यक्ष, तुमची पाळी.' सकाळी वीटभट्टीवाल्याचा टेम्पो चोरीच्या लाकडासाठी डोंगराखाली येऊन थांबला, त्याचाही फोटो गेला. काठीला कोणी हात लावेना.

दुपारच्या आत काळुराम पांढरे बूट घालून हजर. टेम्पो पळाला, पण काठी हातात घेतल्यावर दिवस काढणं भाग होतं. करवंदीच्या काट्यांनी त्याची पॅन्ट फाडली. बायका मुद्दाम लाकडाला म्हणून वर जाऊन बघून आल्या.

संध्याकाळी तो खाली उतरला तेव्हा सगळी आळी बाहेर उभी होती. त्याच्या शेजारचं दार उत्तमचं. आत चूल पेटली होती, धूर दारातून बाहेर येत होता आणि करपलेल्या भाकरीचा वास सुटला होता.

काळुरामने राकेशच्या घराकडे पाहिलं. राकेशने दार लावून घेतलं.

"घे, दादूस," काळुराम काठी पुढे करत म्हणाला.

"हातात नाही द्यायची. दाराला लाव."

त्याने लावली. "बरं, तुझे भारे उद्या पाठवतो. जरा चहा टाक ना."

शीला असती तर भांडून झाल्यावर तिने चहा टाकला असता. उत्तमने त्याला पाणी दिलं.